गॅस इंजिनाचं एअर परमिट आणि स्टॅक टेस्ट: दोन कन्सल्टंट वापरून बघितले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, नावं टाकणार नाहीये, ज्याने काम बिघडवलं त्याचंही नाही आणि ज्याने निस्तरलं त्याचंही नाही. पण अनुभव सगळा लिहिते, कारण टेक्सासमध्ये गॅस कंप्रेशन, पॉवर आणि आता डेटा सेंटरच्या लाइनमध्ये आपली माणसं आहेत, आणि गॅस इंजिनाच्या एअर परमिटबद्दल, म्हणजे इंजिनाचा धूर हवेत सोडायच्या परवानगीबद्दल, आपल्या भाषेत शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही. मी स्वतः दीड वर्षापूर्वी शोधत होते तेव्हा कुणीतरी असं लिहून ठेवलेलं असतं तर फार बरं झालं असतं.

तर आमचं वेस्ट टेक्सासला, पर्मियन बेसिनमध्ये, एक कंप्रेसर स्टेशन आहे, गॅसचा दाब वाढवून पुढे पाठवणारं, छोटंच आहे, दोन इंजिनं. दोन्ही वॉकेशा एल-७०४४ जीएसआय, प्रत्येकी १,६८० हॉर्सपॉवर, नैसर्गिक गॅसवर चालणारी रिच बर्न, म्हणजे धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरू न देणारी. नवी कोरी नाहीत, भाड्याच्या फ्लीटमधून आलेली. मी मेकॅनिकलवाली, एन्व्हायर्नमेंटलची नाही, पण आमच्याकडे तो विभागच नाही म्हणून परमिटची फाइल माझ्याकडे आली.

पहिला कन्सल्टंट आम्ही घेतला तो कोटेशन बघून. इतरांच्या निम्म्याहून कमी पैसे, आणि आठ दिवसांत फाइल हातात देतो म्हणाला, आणि दिली पण. ईमेलवर एक एक्सेल शीट पाठवली, त्यात इंजिनाचं मॉडेल, सिरियल नंबर, हॉर्सपॉवर, वर्षाला किती तास चालणार एवढं भरायचं, बस. मी भाडेवाल्या कंपनीने दिलेल्या यादीतून भरलं, त्याने ते उचलून टेक्सासच्या पर्यावरण खात्याच्या, म्हणजे टीसीईक्यूच्या, पीआय-७ फॉर्ममध्ये आणि प्रत्येक इंजिनाच्या माहितीच्या तक्त्यात, म्हणजे टेबल २९ मध्ये, टाकलं आणि रजिस्ट्रेशन पाठवून दिलं. साइटवर कुणी आलं नाही, एक फोटोसुद्धा मागितला नाही. तेव्हा मला वाटलं किती सुटसुटीत काम झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेक्सासमध्ये अशा इंजिनांना बऱ्याचदा ‘परमिट बाय रूल’ चालतं, म्हणजे नियम १०६.५१२ मध्ये ठरवून दिलेल्या अटी पाळत असाल तर वेगळं मोठं परमिट काढत बसावं लागत नाही. २४० हॉर्सपॉवरच्या खालचं असेल तर रजिस्ट्रेशनसुद्धा नको, वरचं असेल तर काम सुरू झाल्यापासून दहा दिवसांत फॉर्म जायला हवा. ५०० च्या वर गेलात की नॉक्सची (नायट्रोजनच्या ऑक्साइडांची) मर्यादा लागते, रिच बर्नला हॉर्सपॉवरमागे तासाला २ ग्रॅम, आणि तीन-वे कॅटॅलिस्ट, म्हणजे धुरातले घातक वायू फोडणारा भाग, लावलात तर हवा-गॅसचं प्रमाण आपोआप सांभाळणारा कंट्रोलर लागतोच. पण हे झालं राज्याचं. त्याच्या वर केंद्राचा, म्हणजे ईपीए या केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा, वेगळा नियम आहे, त्याला इथे सगळे ‘क्वाड जे’ म्हणतात, आणि तो वेगळ्याच गोष्टीवर चालतो. तो बघतो की इंजिन बनलं कधी.

इथेच आमचं घोडं अडलं.

स्टॅक टेस्टसाठी, म्हणजे धुराड्यातून काय आणि किती बाहेर पडतं ते मोजण्यासाठी, दुसरी कंपनी बघत होतो. त्यातल्या एकाने कोटेशन द्यायच्या आधीच फोनवर सांगितलं, मला दोन्ही इंजिनांच्या नेमप्लेटचे फोटो पाठवा, तुमच्या यादीतले आकडे नकोत. आमच्या ऑपरेटरने मोबाइलवर काढून पाठवले. अर्ध्या तासात त्याचा परत फोन, एका इंजिनाचा सिरियल नंबर तुमच्या फाइलमधल्या नंबराशी जुळत नाही. मला वाटलं फोटो नीट आला नसेल. तो म्हणाला मी येतो.

साठीच्या जवळ आलेला माणूस, वेस्ट टेक्सासचाच, ट्रकमधून उतरला ते हातात टॉर्च आणि फडकं घेऊनच. नेमप्लेटवर रंगाचे दोन थर आणि त्यावर तेलाची चिकट काजळी होती. त्याने फडक्यावर क्लीनर मारला आणि शांतपणे, एका कोपऱ्यापासून, प्लेट पुसत बसला, पाचेक मिनिटं तरी. मग टॉर्च आडवा धरला म्हणजे कोरलेल्या अक्षरांची सावली पडते आणि नंबर वाचता येतो. मला म्हणाला तुम्ही वाचा मी लिहितो, मग मी लिहितो तुम्ही वाचा, असं दोनदा. तिथूनच त्याने इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या डीलरला फोन लावला आणि सिरियलवरून बनल्याची तारीख विचारली.

आमच्या फाइलमध्ये होतं २००९. प्रत्यक्षात स्किडवर, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसलेलं इंजिन २०११ चं निघालं. झालं असं होतं की फ्लीटवाल्यांनी जुनं इंजिन ओव्हरहॉलला नेऊन त्याच स्किडवर दुसरं बसवलं होतं, स्किडचा नंबर तोच राहिला आणि यादी कुणी बदलली नाही. भाड्याच्या फ्लीटमध्ये हे होतंच राहतं, त्यात काही लबाडी नव्हती. पण परमिट करणाऱ्याने जाऊन बघायला नको?

आता २००९ काय आणि २०११ काय, दोन वर्षांनी असा काय फरक पडतो असं वाटेल. क्वाड जे मध्ये ५०० हॉर्सपॉवर आणि त्यावरची गॅस इंजिनं १ जुलै २००७ पासून बनलेली असतील तर नॉक्स २ ग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड ४ ग्रॅम, व्हीओसी (हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) १ ग्रॅम. १ जुलै २०१० पासून बनलेलं असेल तर तेच आकडे १, २ आणि ०.७. म्हणजे आमचं एक इंजिन कागदावर ज्या मर्यादेत दाखवलं होतं त्याच्या निम्मी मर्यादा त्याला खरी लागू होती. आणि कॅटॅलिस्टची ऑर्डर गेली होती २ ग्रॅमच्या हिशोबाने. पाया चुकला की वरचं सगळंच चुकत जातं. इंजिन भाड्याचं असलं तरी चालवणारे आपण, त्यामुळे जबाबदारी आपली, आणि इंजिन एका साइटवरून दुसरीकडे हलवलं म्हणून त्याचं वय काही बदलत नाही, ही पण गोष्ट मला तेव्हाच कळली.

नशीब एवढंच की इंजिन अजून सुरू केलं नव्हतं. टेबल २९ दुरुस्त करून पाठवलं, कॅटॅलिस्टची एक जास्तीची एलिमेंट मागवली, तीन आठवडे गेले. पहिल्या कन्सल्टंटला फोन केला तर त्याचं म्हणणं, आकडे तुम्ही दिले आम्ही भरले. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे त्याचं. पण मग आम्ही पैसे टायपिंगचे दिले का? त्याला मी पाचपैकी एक देईन, तोही फॉर्म वेळेत पाठवला म्हणून.

दुसऱ्याचं काम कसं होतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण चांगला माणूस ओळखायचा कसा हे त्यातूनच कळेल.

त्याने बसून टनांचा हिशोब माझ्यासमोर केला, कागदावर, हाताने. १,६८० हॉर्सपॉवर गुणिले १ ग्रॅम गुणिले वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे साधारण १६ अमेरिकन टन नॉक्स, एका इंजिनाचं. दोन इंजिनं म्हणजे ३२. आमच्या भागात मोठ्या परमिटची, ज्याला टायटल फाइव्ह म्हणतात त्याची, रेषा १०० टनांवर आहे, म्हणजे आम्ही निवांत. मग म्हणाला आता कॅटॅलिस्ट नाही असं धरा. असलं रिच बर्न इंजिन कॅटॅलिस्टशिवाय १० ग्रॅमच्या वर सहज जातं, आणि १० जरी धरलं तरी एका इंजिनाचे १६० टनांच्या वर. एकटं इंजिन रेषा ओलांडून जातं! आणि खरी गोम पुढे आहे, कॅटॅलिस्ट नुसता बसवून चालत नाही, तो परमिटमध्ये पाळायलाच लागेल अशी अट म्हणून लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर हिशोब करणारा कॅटॅलिस्ट नाहीच असं धरून करतो, कारण कायदा तुम्ही किती सोडता हे बघत नाही, तुम्ही जास्तीत जास्त किती सोडू शकता हे बघतो. पहिल्या फाइलमध्ये ही अट नीट लिहिलेलीच नव्हती. हे त्याने दाखवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, खरंच.

हेच स्टेशन ह्यूस्टनजवळ असतं तर ३२ टनांवर आम्ही अडकलो असतो, कारण तिथे ओझोनचा प्रश्न गंभीर आहे आणि मोठ्या सोर्सची रेषा २५ टनांवर येते. लॉस एंजेलिसच्या साउथ कोस्ट भागात आणि सॅन होकिन व्हॅलीत तर ती १० टन आहे, आणि साउथ कोस्टला इंजिनाच्या नॉक्सची मर्यादा ११ पीपीएम. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या मित्राने सांगितलेलं टेक्सासमध्ये लावू नका आणि उलटही करू नका. कन्सल्टंटने पहिला प्रश्न ‘साइट कुठल्या काउंटीत आहे’ असा विचारला पाहिजे. याने तो विचारला होता. पहिल्याने पत्ता विचारला होता, पण बिल पाठवण्यासाठी.

मग स्टॅक. इथे मला माझ्या मोठ्या भावाची आठवण झाली, तो चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. त्यांनी ५०० केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला तेव्हा त्याचं सगळं बोलणं धुराड्याच्या उंचीबद्दल असायचं, इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, म्हणजे छपराच्या वर साडेचार मीटर. मी त्याला फोन करून म्हटलं दादा, आमच्याकडे असं सूत्र कुणी विचारतच नाही. तो म्हणाला मग तुमच्याकडे बघतात तरी काय. इथे भर असतो तो स्टॅकमधून बाहेर काय येतंय ते मोजण्यावर, आणि मोजायला स्टॅकला भोकं लागतात, म्हणजे सॅम्पलिंग पोर्ट. ते पाइपच्या वळणाच्या, म्हणजे कोपराच्या, किंवा सायलेन्सरच्या अगदी जवळ असून चालत नाहीत, कारण तिथे वायू घुसळत असतो. आदर्श म्हणजे अडथळ्यापासून पुढे पाइपच्या आठ व्यास आणि पुढच्या अडथळ्याच्या दोन व्यास आधी, नाइलाज असेल तर कमीत कमी दोन आणि अर्धा. आमच्या एका स्टॅकला पोर्ट होते पण कोपराच्या बुडाशीच, दुसऱ्याला नव्हतेच. याने ते टेस्टच्या पाच आठवडे आधी बघून सांगितलं, आम्ही इंजिन बंद असतानाच वेल्डरकडून करून घेतलं. टेस्टच्या दिवशी कळलं असतं तर क्रू, ट्रेलर, मॅनलिफ्ट सगळ्याचे पैसे देऊन परत पाठवावं लागलं असतं. चाकणच्या दादाला मी एक गोष्ट मात्र पटवली, तिकडे एमपीसीबीचं, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, आधी ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ आणि मग ‘कन्सेंट टू ऑपरेट’ असतं ना, तो क्रम फार शहाणपणाचा आहे, काँक्रीट ओतायच्या आधी कुणीतरी विचारतं तरी.

टेस्टचा दिवस. पहाटे सहाला ट्रेलर आला. गॅसच्या नळकांड्यांची रांग, अॅनलायझर, आणि स्टॅकपासून ट्रेलरपर्यंत जाणारी जाड गरम केलेली नळी. ती गरम ठेवतात, नाहीतर धुरातल्या वाफेचं वाटेतच थंड होऊन पाणी होतं आणि काही वायू त्यात विरघळून रीडिंग कमी दाखवतं. एक एक तासाच्या तीन रन, इंजिन पूर्ण लोडच्या १० टक्क्यांच्या आत किंवा त्या दिवशी जास्तीत जास्त जेवढा मिळेल तेवढ्या लोडवर. हे लोडचं त्याने आठवडाभर आधी दोनदा फोन करून विचारलं होतं, सक्शन प्रेशर किती असेल, शेजारच्या विहिरी बंद तर नाहीत ना, म्हणून मी गॅसवाल्यांशी बोलून ठेवलं होतं. नाहीतर ६० टक्के लोडवर टेस्ट झाली आणि नंतर कुणी प्रश्न काढला की आपल्याकडे उत्तर नसतं.

पहिल्या रनला वीस मिनिटं झाली आणि ऑक्सिजनचं रीडिंग वर सरकायला लागलं. रिच बर्नच्या धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि इथे दीड दिसत होता. नॉक्स मात्र छान कमी दिसत होतं. मला वाटलं बरंच आहे की. त्या क्रू चीफने रन थांबवली. म्हणाला हे रीडिंग खरं असतं तर कॅटॅलिस्टला नॉक्स फोडता आलं नसतं, नॉक्स वर जायला हवं होतं, ते कमी दिसतंय म्हणजे बाहेरची हवा आत शिरतेय. शिडीवर चढला, पोर्टजवळची एक फिटिंग अर्धा आटा ढिली होती. ती आवळली, लीक चेक केला, कॅलिब्रेशन परत पहिल्यापासून केलं आणि रन पुन्हा सुरू केली, दीड तास वाया गेला. पण दुसरा कुणी असता तर आमच्या फायद्याचा आकडा गुपचूप लिहून घेऊन गेला असता, आम्हीही खूश झालो असतो. त्या स्टेशनपासून मैलभराच्या आत तीन घरं आहेत, एका घराच्या अंगणात मुलांची सायकल कायम पडलेली असते, ती मला येता-जाता दिसते. नॉक्सचा ओझोन होतो, या इंजिनांच्या धुरात फॉर्मल्डिहाइड असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या दिवशी त्या माणसाने रन थांबवली तेव्हा मला कळलं की हे सगळं कुणासाठी मोजायचं असतं.

शेवटी तीनही रन झाल्या, दोन्ही इंजिनं १ ग्रॅमच्या बरीच खाली आली.

आता त्याच्याबद्दलची तक्रार, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर रिव्ह्यूला अर्थ नाही. टेस्टनंतर ६० दिवसांत रिपोर्ट जायला लागतो, त्याच्या ऑफिसने तो बावन्नाव्या दिवशी दिला, मधले तीन आठवडे फोनला उत्तर नाही, आणि ड्राफ्टमध्ये एका तक्त्यात युनिट चुकलं होतं, ग्रॅमच्या जागी पाउंड, ते मी पकडलं. साइटवर जेवढी काळजी घेतात तेवढी ऑफिसात घेत नाहीत असं माझं मत झालंय. टेस्टच्या आधी ३० दिवस नोटीस द्यावी लागते, ती कोण पाठवणार हे पण करारात लिहून घ्या, आमच्याकडे त्यावरून शेवटच्या दिवशी धावपळ झाली. म्हणून पाचपैकी साडेचार.

एक राहिलं. आमच्याच ओळखीत एकाने नवीन साइटला गॅस जनरेटर घेतले आणि कुणीतरी सल्ला दिला की इमर्जन्सी म्हणून दाखवा, सोपं पडतं. सोपं पडतं हे खरं आहे, पण मग मेंटेनन्स आणि टेस्टिंगला वर्षाचे १०० तास मिळतात, खरी वीज गेली तर कितीही चालवा. ग्रिडवर मागणी वाढली की चालवून पैसे कमवता येतील हा भाग २०१५ मध्ये कोर्टाने काढून टाकला. त्यावर रीसेट न होणारं अवर मीटर असतं, इन्स्पेक्टर आला की आधी तेच बघतो. डेटा सेंटरवाल्यांनी तर याबाबत फारच सावध राहायला हवं, त्यांची ‘थोडा वेळ चालवू’ म्हणता म्हणता महिने निघून जातात.

परमिट मिळालं, टेस्ट झाली की फाइल कपाटात ठेवायची असं आम्हाला वाटत होतं. तसं नाहीये. कॅटॅलिस्टमध्ये शिरणाऱ्या धुराचं तापमान, त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक आणि ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग याची वही आता ऑपरेटर रोज भरतो, ही पण त्या म्हाताऱ्यानेच लावलेली सवय. दोन महिन्यांपूर्वी त्याच वहीमुळे एका इंजिनाचा सेन्सर मरत चाललाय हे लक्षात आलं, कॅटॅलिस्ट खराब व्हायच्या आत बदलला. तेलातला फॉस्फरस आणि झिंक कॅटॅलिस्टला हळूहळू मारतात, म्हणून तेल पण आता तो सांगेल त्याच ग्रेडचं घेतो.

पुढची टेस्ट ८,७६० तास किंवा तीन वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा. आमची इंजिनं रात्रंदिवस चालतात म्हणजे जवळपास वर्षालाच. यावेळी फेब्रुवारीची तारीख आत्ताच घेऊन ठेवलीय, आणि ऑफिसला सांगितलंय की क्रू कुठलाही पाठवा पण चीफ तोच हवा. फ्लीटवाल्यांनी मागच्या आठवड्यात एक इंजिन ओव्हरहॉलला नेऊन दुसरं बसवलं, त्याची नेमप्लेट मी स्वतः पुसून वाचली, २०१४ चं आहे, टेबल २९ काल पाठवलं.